पाच वर्षांसाठी अडकलेले अठरा हजार

माझ्या मुलीला पैशाचं व्यवहारज्ञान यावं म्हणून मी तिचे अठरा हजार रुपये तिला न विचारता उचलले. ते तिचेही नव्हते, हे मला नंतर कळलं.

मी हुबळीत एका सरकारी कचेरीत प्रथम दर्जा सहायक आहे. राहायला जुन्या हुबळीत. गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात मी दर रविवारी सकाळी तरुण मुलामुलींसाठी ‘पैशाची शाळा’ चालवायला लागलो. चालवा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या पिढीला पगार कसा मिळवायचा ते शिकवलं, पण तो ठेवायचा कसा हे कोणीच शिकवलं नाही, ही माझी जुनी खंत. निदान या पोरांचं तसं होऊ नये, एवढाच हेतू. (हेतू चांगला होता. हे वाक्य पुढे मी इतक्यांदा म्हणणार आहे की आत्ताच एकदा म्हणून ठेवतो.)

पहिल्याच तासाला मी माझं क्रेडिट कार्ड सगळ्यांसमोर कात्रीने कापलं. टाळ्या पडल्या! माझ्या आयुष्यात मला टाळ्या पडण्याचा हा दुसरा प्रसंग. पहिला लग्नातला, आणि त्यातल्या निम्म्या सुजातासाठी होत्या.

दुसऱ्या तासाला चेव आला. घरात रोकड ठेवू नका, पैसा झोपू देऊ नका, त्याला कामाला लावा, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. आणि भिशी? भिशी म्हणजे मागासलेली पद्धत, आपल्या आज्यांची करमणूक. हे म्हणालो तेव्हा शेवटच्या रांगेत मैत्रिणींबरोबर बसलेली माझी मुलगी प्रज्ञा वर पंख्याकडे बघत होती. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला वाटलं, माझ्या बोलण्यावर विचार करते आहे.

सोमवारी कचेरीला निघताना मला शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी खायची इच्छा झाली. सुजाता बाहेर गेली होती, म्हणून मीच वरच्या फळीवरचे डबे उघडत सुटलो. तिसऱ्या डब्यात भाकरी नव्हती. नोटा होत्या. रबर लावून नीट ठेवलेल्या, अठरा हजार.

प्रज्ञा गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते हे मला माहीत होतं. पोरीने साठवले, या विचाराने माझा ऊर भरून आला. मग लगेच दुसरा विचार आला: पण झोपवलेत! मी जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन ते पैसे भरले आणि त्यांची मुदत ठेव करून टाकली. साधी ठेव मोडायचा मोह होतो, म्हणून करबचतीची, पाच वर्षांची. तिच्या नावावर करायची तर तिची सही लागणार आणि मला तर तिला चकित करायचं होतं. म्हणून माझ्या नावावर केली. (करसवलत मलाच मिळणार हा केवळ योगायोग. तो मी फॉर्म भरण्याआधी दोनदा तपासून घेतला होता.)

ठेवीच्या पावतीला मी लॅमिनेशन केलं. गुरुवारी रात्री जेवताना धारवाडी पेढ्याच्या खोक्यावर ठेवून ती प्रज्ञासमोर सरकवली. तिने वाचली. उलटी करून पाहिली. मग उठून स्वयंपाकघरात गेली, डबा उघडल्याचा आवाज आला, आणि ती दारात येऊन उभी राहिली.

“अप्पा, डब्यातले पैसे कुठं आहेत?”

“कामाला लावले,” मी पेढा उचलत म्हणालो.

“कुणाच्या?”

मला प्रश्न कळला नाही. कळायला पाचेक मिनिटं लागली, कारण प्रज्ञा मध्ये मध्ये रडत होती. ते पैसे तिच्या भिशीचे होते. ती आणि तिच्या अकरा मैत्रिणी वर्षभर भिशी चालवत होत्या. कोणी शिकवण्यांचे, कोणी ब्लाउज शिवल्याचे, कोणी मेंदी काढल्याचे पैसे त्यात घालायची. या महिन्याचा नंबर खरं तर रेणुकाचा होता, पण सगळ्यांनी मिळून तो सविताला दिला होता. सविताचे वडील तारिहाळच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात, आणि दोन महिने तिथे कामच कमी झालं आहे. सविताला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. फी भरायची शेवटची तारीख शनिवार.

“सगळ्यांनी माझ्याकडे ठेवायला दिले, अप्पा. म्हणाल्या, तुझे वडील पैशातले जाणकार आहेत, तुझ्या घरी सुरक्षित राहतील.”

सुजाताने पेढ्याचं खोकं उचलून आत नेलं. अर्धा पेढा माझ्या तोंडात होता. तो गिळावा की नाही, कळेना.

शुक्रवारी सकाळी बँक उघडायच्या आधी मी पायरीवर होतो. काउंटरवरच्या तरुण मुलीला मी सगळं सांगितलं. ती सहानुभूतीने ऐकत होती, आणि शेवटी म्हणाली, “ऐदु वर्ष, सर.” पाच वर्षं. मोडता येत नाही, त्यावर कर्जही मिळत नाही. मग माझ्या दुसऱ्या ठेवी काढूया म्हटलं. तिने पडद्यावर पाहिलं. दोन होत्या, दोन्ही करबचतीच्याच. बाकीचा पैसा भविष्य निर्वाह निधीत आणि विम्यात. पगाराला आठवडा होता आणि बचत खात्यात जेमतेम किमान शिल्लक. गेली कित्येक वर्षं मी माझा एकेक रुपया इतका शिस्तीत कुलूपबंद केला होता की मला स्वतःलाच आत शिरता येईना. क्रेडिट कार्डाची आठवण झाली, आणि मी कपाळाला हात लावला.

घरी येऊन मी सुजाताच्या हाताकडे नुसतं बघितलं.

“बांगड्यांकडे बघू नका,” ती म्हणाली. “संध्याकाळी शांतक्काकडे चला माझ्याबरोबर.”

शांतक्का गल्लीतल्या बायकांची भिशी चालवतात, तीही लिलावाची. ज्या बाईला निकड असेल तिने सांगायचं, जमलेल्या पैशातून मी इतके सोडते. जी जास्त सोडेल तिला त्या महिन्याची रक्कम, आणि सोडलेले पैसे बाकीच्या वाटून घेतात. सुजाता आपला नंबर दिवाळीपर्यंत राखून होती. तिला पिकोची मशीन घ्यायची होती. आता ती माझ्यासाठी आत्ताच तोटा सोसून उचलणार होती. मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की माझ्या अंगात उत्साह संचारतो, हा माझा जुना रोग.

शांतक्कांच्या पडवीत बायका गोल करून बसल्या होत्या. मला दाराजवळ स्टूल मिळालं. शांतक्कांचा नातू माझ्या वर्गाला येतो, हे मी विसरलो होतो.

“या की साहेब,” शांतक्का म्हणाल्या. “आज्यांची करमणूक बघायला आलात होय?”

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. मी मान खाली घातली. शांतक्कांनी विचारलं, कोणाला पाहिजे? सुजाता म्हणाली, “मला. दोन हजार सोडते.”

मग सगळं शांत. कोणालाच निकड नव्हती. ही शांतता मला सहन होईना. मला वाटलं, सुजाता मागे पडते आहे, नवऱ्याने या वेळी तरी पाठीशी उभं राहायला पाहिजे. मी स्टुलावरून म्हणालो, “अडीच!”

सुजाताला वाटलं, मागून कोणीतरी बाई बोलली. (घाबरलो की माझा आवाज चढतो आणि बारीक होतो.) ती घाईने म्हणाली, “तीन.”

“साडेतीन!” मी म्हणालो, आणि मुठी आवळल्या.

पडवीत इतकी शांतता पसरली की आतल्या कुकरची शिट्टी आम्हा सगळ्यांना दचकवून गेली. सुजाता सावकाश मागे वळली. शांतक्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“इतकी वर्षं भिशी चालवते आहे, साहेब,” त्या म्हणाल्या, “पण बायकोविरुद्ध बोली लावणारा नवरा पहिल्यांदाच बघितला.”

नियमाप्रमाणे बोली मागे घेता येत नाही, आणि माझी बोली सुजाताच्याच नावावर धरली. सुजाताचे साडेतीन हजार गेले, उरलेल्यातून सविताचे अठरा हजार निघाले. बाकीच्या बायकांनी सोडलेले पैसे वाटून घेतले आणि जाताना एकीने माझे मनापासून आभार मानले. दर महिन्याला असंच या, म्हणाली. घरी कुलूप उघडताना सुजाता म्हणाली, “पिकोची मशीन तुमच्या पगारातून.” मी होय म्हणालो. आमच्या संसारात मी इतक्या लवकर कधीच होय म्हटलेलं नाही.

शनिवारी दुपारच्या आत सविताची फी भरली गेली. प्रज्ञा स्वतः तिच्याबरोबर गेली आणि संध्याकाळी पावतीचा फोटो तिने सगळ्या मैत्रिणींना पाठवला. आता माफी मागायला हवी होती. मी तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो की हेतू चांगला होता, महागाईच्या दराचा विचार केला तर रोकडीचं मोल रोज घटतं, शिवाय डब्यावर नाव नव्हतं.

प्रज्ञाने पुस्तक मिटलं. “अप्पा, ही माफी नव्हे. कचेरीत नोटीस आल्यावर देतात तो खुलासा आहे हा.”

“मग काय म्हणू?”

“माझ्याशी नको. सविता, रेणुका, सगळ्या उद्या तुमच्या वर्गात असतील. पैसे त्यांचे होते. त्यांना सांगा.”

त्या रात्री मी चार मुद्दे काढले आणि चारही फाडले.

आता तो वर्ग प्रज्ञा आणि सविता मिळून चालवतात. घरात अडीअडचणीपुरता पैसा हाताशी असावा, यावर त्यांचा अख्खा एक तास असतो. भिशीवर दोन. उदाहरण म्हणून त्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतात, नाव घेत नाहीत, आणि सगळी पोरं मागे खुर्च्या लावणाऱ्या माझ्याकडे बघतात. गर्दी माझ्या वेळेपेक्षा दुप्पट असते. शांतक्कासुद्धा एकदा बोलायला येऊन गेल्या.

पण त्या रविवारी समोर मी होतो. फळ्यावर काही लिहिलं नाही. पहिल्या रांगेत सविता बसली होती, वडिलांना घेऊन. त्यांनी हात जोडले, मीही जोडले.

“मुलींनो,” मी म्हणालो, “ते पैसे तुमचे होते. मी विचारलं नाही. सविताचं वर्ष जाणार होतं, आणि प्रज्ञाचा शब्दही. चूक माझी आहे, पूर्ण माझी.” हेतूबद्दलचं वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं. “माझं बाकी सगळं पाच वर्षांसाठी अडकलं आहे. माफी तेवढी रोख आहे. ती आजच घ्या.”