लुसेआनेचं भ्रमिष्टपण

वावाऊ बेटावर झाडाची साल कुटून नगातू नावाचं कापड करणाऱ्या बायका पुष्कळ, पण लुसेआनेच्या हातच्या कापडासाठी लग्नघरची माणसं आधी तिच्या दाराशी येत. जीभ फटकळ, डोकं मात्र लख्ख. कुणाच्या मयताला कुठल्या नक्षीचं कापड गेलं, हे तिला तोंडपाठ.

चर्चच्या ओल्या पायरीवर ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. नेयाफूच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. कळा सोसवेनात म्हणून डॉक्टरांनी दुखण्यावरचं जालीम औषध सुरू केलं.

लेक कामाला दूरच्या बेटावर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सून कालोलाइने डबा घेऊन आली, तर लुसेआने पलंगावर बसून चमच्याने चादर कुटत होती.

"आई, काय करताय हे?"

"दिसत नाही? साल वाळत चाललीय. हात लाव जरा. आणि त्या बाईला सांग, माझ्या कापडावर पाय देऊ नकोस म्हणावं."

ती बाई म्हणजे नर्स तोआकासे. खिडकीतून फरशीवर ऊन पडलं होतं, तेच लुसेआनेला पसरलेलं कापड वाटत होतं. तोआकासे उन्हाला वळसा घालून आली. "नाही देत हं, मावशी."

कालोलाइनेने डबा उघडला. नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं होती. लुसेआनेने तोंड फिरवलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या हातचं कुणी खाऊ नका. साल कुटायची माझी मोगरी विकून खाल्ली हिनं."

कालोलाइनेचे कान तापले. तिनं डबा बंद केला, पण उठून गेली नाही. सासूला झोप लागेपर्यंत तिथंच बसून राहिली.

जाग आल्यावर लुसेआनेला ते सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवलं. तिची आई शेवटची वर्षं पोटच्या लेकीला ओळखत नव्हती. किनाऱ्यावर जाऊन मेलेल्या भावांना हाका मारायची. आता आपली पाळी, असं लुसेआने धरून चालली. त्या दिवसापासून ती फार बोलेना. गुंगीत पुन्हा काहीबाही बोलून जाऊ नये म्हणून गोळ्या जिभेखाली धरायची आणि नर्सची पाठ वळली की उशीखाली ढकलायची. दुखणं उसळलं. नर्स उभं करायला आल्या की "उद्या बघू" म्हणून भिंतीकडे तोंड करायची.

उशी झटकताना गोळ्या कालोलाइनेच्या हाती लागल्या.

"एवढं दुखतंय, तरी घेत नाही? का?"

लुसेआनेनं तिच्या हातातली उशी ओढून घेतली. मग हळूच म्हणाली, "माझी आई अशीच सुरू झाली होती गं."

कालोलाइने तडक तोआकासेला घेऊन आली. सगळं ऐकून तोआकासे पलंगाच्या कडेला टेकली.

"मावशी, हे त्या औषधानं झालं. पुष्कळांना होतं. मागं एक मास्तर होते इथं, मला मासळी बाजारातली समजून रोज भाव करायचे. आता वर्गावर शिकवतात. खरं तर आम्हीच तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"म्हणजे जाईल हे?"

"उतरत जाईल. तोवर शंका आली की सुनेला विचारा, खरं का खोटं."

डॉक्टरांनी औषध बदललं, थोडं थोडं द्यायला लावलं. लुसेआने मुकाट्यानं गोळी गिळायची आणि मधेच सुनेला विचारायची.

"त्या खिडकीत कोंबडी बसलीय का?"

"बसलीय. खरीच आहे."

"आणि छतावर मुंग्या?"

"त्या नाहीत, आई."

एकदा तिनं सुनेचा हात धरला. "मोगरीचं मी बोलले ते..."

"त्याचं काय एवढं? शुद्धीवर असताना याहून लागेल असं बोलता तुम्ही."

शेजारच्या पलंगावरची म्हातारी खुदकन हसली. लुसेआनेलाही हसू आवरेना. खुब्यातून कळ आली, तरी ती हसतच राहिली.

मग तिनं स्वतःच वॉकर मागितला. एका बाजूला तोआकासे, एका बाजूला कालोलाइने. घामाघूम होत ती व्हरांड्यापर्यंत गेली आणि खांबाला धरून उभी राहिली. खाली बंदरात बोट लागली होती, माणसं चटया आणि सुरणाच्या गोण्या उतरवत होती.

"ती बोट खरी ना?" तिनं विचारलं.

"खरी. तुमचा लेक आलाय तिच्यातून, तुम्हाला बघायला."

"मग मला इथंच खुर्ची दे. येऊन बघू दे त्याला, आई कुठवर चालत आली ते."