पट्टी चिकटवणारी आई

माझी आई न्यायालयाच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायची. तळघरातल्या खोलीत एक लांब टेबल, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र आणि खळीचं भांडं. खळीचा वास तिच्या बोटांना असा धरून बसलेला, की साबणानेही हात टेकले होते. घरी आमटीत मीठ टाकायला विसरेल, पण पुस्तकाच्या शिवणीत एक टाका चुकायचा नाही.

घटनेत दुरुस्ती झाली की नव्या मजकुराच्या छापील पट्ट्या यायच्या. त्या जुन्या कलमावर लावायच्या, पण खळ फक्त डाव्या कडेला. पट्टी उचलली की खालचा जुना मजकूर वाचता आला पाहिजे, असा नियम. "आधी काय होतं ते लोकांना कळायला नको का?" असं ती म्हणायची. कोणाला मत केव्हा मिळालं, बायकांच्या नावावर घर कधीपासून होऊ लागलं, सगळं तिला तोंडपाठ होतं.

एकच कलम तिला खुपायचं. ज्याचा पिता या देशाचा नागरिक, ते मूल नागरिक. माझे वडील परदेशी खलाशी. मी पोटात असताना ते जहाजावर चढले ते चढलेच. मी इथेच जन्मले, इथेच शिकले, तरी दरवर्षी परवाना काढून पाहुणीसारखी राहायचे. त्या परवान्याने आमच्या नाकी नऊ आणले होते. त्यात त्या वर्षी नर्सिंगच्या कॉलेजात माझी निवड झाली, आणि शुक्रवारपर्यंत नागरिकत्वाचा दाखला दिला नाही तर माझी जागा दुसरीला जाणार होती.

नेमकं त्याच वर्षी ते कलम बदललं. 'पिता किंवा माता' असं झालं. त्यासाठी वर्षानुवर्षं दारोदार सह्या गोळा करणाऱ्या बायकांपैकी एकीलाही मी ओळखत नाही. त्यांचे उपकार मात्र मी जन्मभर विसरणार नाही.

गुरुवारी आम्ही दाखल्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने घटनेची जाडजूड प्रत काढली आणि कलमावर बोट ठेवलं. "वडिलांचे कागद आणा."

"साहेब, ते कलम बदललंय," आई म्हणाली.

"माझ्या पुस्तकात नाही बदललेलं."

सरकारी काम, सहा महिने थांब! माझ्याकडे तर एकच दिवस होता. मला रडूच फुटलं. आई मात्र पुस्तकाकडे बघत होती.

"तुम्ही पट्टीच लावली नाही. ग्रंथालयातून आलेलं पट्ट्यांचं पाकीट असेल बघा कपाटात. तीन आठवड्यांपूर्वी मीच बांधून पाठवलंय, निळ्या दोऱ्याने."

पाकीट होतं. गाठही सोडलेली नव्हती. कारकून ओशाळला. "आमच्याकडे हे लावायला माणूसच नाही हो, बाई."

"आहे की," म्हणत आईने पिशवीतून खळीची डबी आणि कुंचला काढला. आणि जन्मात कधी केली नव्हती ती चूक तिने तिथे केली. पट्टीच्या पाठीवर सगळीकडे खळ फासली आणि तळहाताने ती घट्ट दाबून बसवली.

"अगं आई, एकाच कडेला ना?"

"तू गप्प बस."

कारकुनाने पट्टी दोनदा वाचली आणि माझा अर्ज पुढे ओढला. "नागरिकत्व आईकडून," असं पुटपुटत त्याने लिहिलं. मग विचारलं, "आईचं नाव?"

अठरा वर्षं माझे सगळे अर्ज आईच भरत आली होती, पण त्यांत आईच्या नावाला रकानाच नसायचा. मुलगी कोणाची, याचं उत्तर म्हणून तिचं नाव आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तिने रुमालाला हात पुसले आणि नाव सांगितलं, पण इतक्या हळू की कारकुनाला ते ऐकूच गेलं नाही.

"जरा मोठ्याने सांगा, बाई."

मग तिने असं सांगितलं, की रांगेतला शेवटचा माणूससुद्धा वळून बघायला लागला.