लवकर सुटलेल्या बायका

करकंबला आमच्या माहेरी नवरात्राचा नैवेद्य रांधायचा मान आईचा. तिची पाळी पस्तिशीतच बंद झाली होती, त्यामुळे ऐन सणात ती बाजूला बसेल ही धास्ती कुणालाच नसायची. मावशीचंही तसंच. "तुमी बहिणी लई नशिबाच्या, लवकर सुटलात की!" गल्लीतल्या बायका म्हणायच्या आणि आई पुरण वाटता वाटता गालात हसायची. एवढा तोरा तर घरच्या जावयांनीही कधी मिरवला नाही.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नाही, म्हणून मी इथं शहरात सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नवरा अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात. त्याला सुट्टी मिळाली नाही, मी एकटीच होते. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"वयाच्या मानानं बीजांडांचा साठा फारच कमी राहिलाय तुमचा. आईची पाळी कधी गेली?"

"लवकर," मी सवयीनं कौतुकानंच सांगितलं. "मावशीची तर त्याच्याही आधी."

बाई लिहायच्या थांबल्या. असा दोष जनुकांतून आईकडून मुलीकडे येऊ शकतो, तपासणी करून बघू, म्हणाल्या. साठा संपला की पुन्हा भरत नाही, मूल हवं असेल तर वेळ घालवू नका. मी मान डोलावत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बहीण आहे का?"

आहे. धाकटी, आईजवळच असते, आता स्थळं बघताहेत. तोवर मी कसाबसा धीर धरला होता, पण तिचं नाव मनात आलं आणि मी रिपोर्ट उचलून उठलेच.

बाहेर रिक्षांच्या गोंगाटात मी आईला फोन लावला. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. तुझ्या त्या नशिबात माझा वाटा नको होता, असं अगदी ओठावर आलं होतं. फोन बहिणीनं उचलला.

"आई देवळात गेलीया, ताई. बरं केलंस फोन केलास. मला कवाधरनं पाळीच न्हाय बघ. आई म्हणती, घाबरू नगंस, आपल्यात असंच असतं, तू बी लवकर सुटशील. औंदा पुरण मीच वाटणार हाय!"



"पुरण राहू दे," मी म्हणाले. "उद्या पहिल्या गाडीनं हिकडं ये."

"का गं? सण तोंडावर आलाय की," ती म्हणाली. अजून ती हसतच होती.