जिन्याखालचे आठ सिलिंडर

आमच्या लालबागच्या चाळीतल्या बहुतेक मुली सासरी गेल्या त्या अमेरिकन गाडीत बसून. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. खोली एक, माणसं आठ, पाण्याला रांग, आणि नवरी मात्र असल्या गाडीत. पण खरं आहे. गाडी माझ्या काकांची होती आणि लग्नसराईत ती भाड्याने जायची. चाळीतल्या मुलींना भाडं नसायचं, हळदीकुंकवाचा नारळ पुढच्या सीटवर ठेवला की झालं.

गाडी दोन दारांची, कुंकवासारखी लाल. बॉनेट लांबच लांब, शेपूट आखूड, आणि मागच्या चाकांवर पत्रा असा फुगलेला की मांडी ठोकून उभा राहिलेला पैलवान वाटावा. स्टिअरिंग डावीकडे. असल्या गाड्यांना त्यांच्या देशात मसल कार म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आम्ही तिला नुसतं 'काकांची' म्हणायचो. 'काकांची आली का?' 'काकांची धुतली का?'

दिसायला पैलवान, पण चालू झाली की खोकायची. टेम्पोसारखी. कारण आत टेम्पोचंच डिझेल इंजिन होतं. दादरच्या कार्यालयांबाहेर मुलाकडची पोरं गाडीभोवती गोळा व्हायची, बॉनेटवरून हात फिरवायची, आणि काकांनी किल्ली फिरवली की हसायची. एकदा एकजण म्हणाला होता, "गाडी अमेरिकेची, खोकला लालबागचा." काका मागे वळून पाहायचे नाहीत. नवरीचा पदर दारात अडकत नाही ना, एवढं बघायचे आणि निघायचे.

गाडीचं मूळ इंजिन आमच्या जिन्याखाली होतं. ते तिथे कसं आलं ते सांगतो.

काका तरुणपणी गिरगावातल्या एका शेठकडे ड्रायव्हर होते. मायदेशी परत जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून शेठने ही गाडी हौसेने घेतली. गाडीला मागे दारं नाहीत. शेठला ड्रायव्हरच्या शेजारी बसणं पसंत नव्हतं. म्हणून रोज सकाळी काका उतरून पुढची सीट वाकवून धरायचे आणि शेठ धोतर सावरत, वाकून, जवळजवळ रांगत मागे शिरायचा. मागची सीट म्हणजे लहान मुलांच्या मापाची. गुडघे छातीशी घेऊन शेठ तिथे बसायचा आणि गाडीने जरा वेग घेतला की अंगठीने पुढच्या सीटवर टकटक करायचा. हळू. गिरगाव ते फोर्ट, फोर्ट ते गिरगाव, काकांनी ती गाडी वरातीच्या चालीनेच चालवली.

पुढे शेठची मुलं परदेशी गेली, शेठही थकला. पेट्रोल पिणारी गाडी कुणालाच नको होती. इतक्या वर्षांच्या नोकरीचा निरोप म्हणून त्याने ती काकांना दिली. काकांना आनंद किती आणि काळजी किती, ते काकूलाच ठाऊक. ती म्हणायची की पहिले काही दिवस ते नुसते गाडीत जाऊन बसायचे, चालू करायचे नाहीत. शेवटी परळच्या एका गॅरेजात नेऊन त्यांनी इंजिन उतरवलं आणि डिझेल बसवलं. त्या काळी मुंबईत मोठ्या गाड्या ठेवणारे बहुतेक सगळे हेच करत. गाडी पोसायची तर तिचा आवाज काढून घ्यायचा.

उतरवलेलं इंजिन भंगारात घालावं असं सगळ्यांनी सांगितलं. काकांनी ते गिअरबॉक्ससकट हातगाडीवरून चाळीत आणलं आणि जिन्याखाली लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. ग्रीस फासून, मेणकापड गुंडाळून. काकू त्यावर कांद्याची टोपली ठेवायची. खंडेनवमीला टोपली उतरायची, मेणकापड निघायचं, आणि काका इंजिनाला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालायचे. शेजारी विचारायचे, गाडी राहिली बाजूला, पूजा ह्या लोखंडाची कशाला? काका म्हणायचे, "गाडी तीच आहे."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी लाजत सांगत नाही. आजोबा गिरणीत, वडील गिरणीत, आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर. दुसऱ्या वर्षाला इंजिनं शिकवायला लागले तेव्हा वर्गात सगळ्यांनी आकृत्या फळ्यावर पाहिल्या. मी घरी येऊन कांद्याची टोपली उचलायचो.

चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे, उभ्या व्हीसारखे. आपल्या नेहमीच्या गाडीत स्फोट ठरलेल्या अंतराने होतात, शिलाई मशीनच्या टाक्यांसारखे. ह्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टची, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याची, घडणच अशी, की एका बाजूचे चार सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत. कधी दोन लागोपाठ, मग जरा दम, मग पुन्हा एक. एग्झॉस्टमधून तीच लडबड बाहेर येते. ढोलपथकात एखादा गडी टिपरू किंचित उशिरा मारतो आणि त्यामुळेच ठेका अंगात भिनतो, तसं काहीतरी. आणि ताकद अशी, की इंजिन गरागरा फिरायची वाट बघावी लागत नाही. खालूनच, सावकाश फिरतानाच, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, तयार असतो. पाय ठेवायची खोटी.

हे सगळं मी काकांना सांगायचो. ते पायरीवर बसून विडी ओढत ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, पूर्ण दाबला ॲक्सिलेटर, अगदी पत्र्याला टेकवला, तर नेमकं काय होतं? मी आलेखाबिलेखाचं सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. म्हटलं, काका, तुम्ही वर्षानुवर्षं चालवली की हीच गाडी.

"चालवली," काका म्हणाले. "दाबली नाही कधी."

मला ते समजायला जरा वेळ लागला. शेठ होता तोवर मागून टकटक. गाडी स्वतःची झाली तेव्हा पेट्रोल परवडेना. मधल्या त्या थोड्या दिवसांत गाडी जागची हलली नाही. जगातल्या दांडग्या इंजिनांपैकी एक ह्या माणसाच्या पायाखाली होतं आणि त्याचा दम त्याने पाहिलाच नव्हता. मी तर फक्त कागदावर पाहिला होता.

त्यानंतर लग्नांची पद्धत बदलली, लोक सनरूफवाल्या गाड्या मागू लागले. काकांचं भाडं कमी होत होत बंद पडलं. मला नोकरी लागली, मी ठाण्याला राहायला गेलो. गाडी चाळीच्या अंगणात, इंजिन जिन्याखाली.

मग चाळ पाडायचं ठरलं. एकदाचं, खरंच. सह्या झाल्या, खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा लागल्या. तात्पुरतं घर मिळालं ते शीवला, सातव्या मजल्यावर, आणि खाली पार्किंग फक्त दुचाकींना. काकूने मला फोन केला की ये आणि गाडीचं काय ते बघ, हे जेवत नाहीत.

जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस मी शोधला. भला वाटला. त्याची अट एकच, गाडी मूळ इंजिनासकट हवी, आणि ते चालू हवं. कागदपत्रांचं आणि गॅरेजच्या खर्चाचं तो बघणार होता. गाडी पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी न्यायची ठरली. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं ते एवढंच, म्हणजे न्यायच्या आधी बसवणार ना?

ज्याने इंजिन उतरवलं होतं त्या मेस्त्रीचा मुलगा आता गॅरेज चालवतो, गाडी आणि इंजिन दोन्ही तिथे नेलं. इंजिन जाम झालं होतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल आणि रॉकेल ओतून ठेवलं, आणि तो आणि मी आळीपाळीने पान्याने क्रँक हलवत राहिलो. एका संध्याकाळी ते केसभर सरकलं. मग डिझेल उतरवून ते गाडीत चढवलं, आणि त्यानंतर कार्ब्युरेटर, वायरिंग, होसपाइप, ब्रेक. प्रत्येक गोष्टीत काहीतरी निघायचं. काका रोज शीवहून बसने यायचे आणि स्टुलावर बसून राहायचे. मेस्त्रीचा मुलगा त्यांना छेडायचा, "आजोबा, घरी जा की, आजी दुसरं लगीन करील."

शनिवारी दुपारी ते पेटलं. आधी नुसता धूर, फटफट, एक मोठा बार, समोरच्या चहावाल्याच्या शिव्या. आणि मग तो आवाज. गॅरेजच्या पत्र्याला लटकवलेले पाने हलू लागले. काका उठले, त्यांनी बॉनेटच्या कडेवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी उजवीकडे, समोरून येणारं सांगायला, कारण डावीकडच्या स्टिअरिंगवरून काकांना दिसत नाही. येईन म्हणून काकू हटून बसली होती. सीट वाकवून ती मागे शिरली, जेवणाची पिशवी मांडीवर. भायखळ्यावरून मशीद बंदराकडे उतरलो आणि फ्री-वेच्या लांब पुलावर चढलो. काकांचं लायसन्स चालू होतं, ते त्यांनी कधीच संपू दिलं नव्हतं. पुढे रस्ता मोकळा, उजवीकडे शिवडीची खाडी. तिथे ऐंशीची मर्यादा आहे. मी त्यांना आधीच सांगितलं होतं की ऐंशीच्या पुढे जायचं नाही, जायची गरजही नाही. ऐंशीला किती चटकन पोचते ह्यातच ह्या गाडीची सगळी गंमत.

गाडी चाळिसाने चालली होती. इंजिन झोपल्यासारखं गुडगुडत होतं. एक रिक्षावाला असता तर पुढे गेला असता.

"काका, आता दाबा," मी म्हटलं.

त्यांनी आरशात पाहिलं. पाय हलला नाही. मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, मागे माणूस बसलंय.

जन्मभराची सवय ती. मागच्या सीटवर कुणी असलं की त्यांच्या पायाला आपोआप लगाम बसायचा. पूल सरत चालला होता आणि उद्या गाडी जाणार होती. मला वाटलं, राहिलं आता हे.

मागून काकूचा आवाज आला, अगदी शांत. "दाबा ओ. काय तां एकदा होऊंदे."

काकांनी दाबला.

क्षणभर काहीच झालं नाही. कार्ब्युरेटरने नुसता घोट घेतला. मग बॉनेटचं नाक वर उचललं गेलं, समोरचा रस्ता खाली गेल्यासारखा वाटला, आणि सीटने माझी पाठ धरली. मी टॉर्कवर पेपर लिहिलेत, मार्कही चांगले आहेत. पण कुणीतरी मागून दोन्ही हातांनी ढकलावं तसं ते असतं, हे मला माहीत नव्हतं. आवाजातली लडबड जुळून एक झाली आणि गळ्यातून उठल्यासारखी आली. मागे पिशवीतला डबा घरंगळला. काट्याने ऐंशी गाठली तशी काकांनी पाय उचलला आणि सगळं पुन्हा गुडगुडायला लागलं.

काकांचे डोळे पाणावले होते ते आनंदाने की वाऱ्याने, मी निरखलं नाही.

"एवढं आत होतं," ते म्हणाले.

काकू मागे वाकून डबा शोधत होती. ती म्हणाली की आमटी सांडली ती सांडलीच, पुढे रस्ता मोकळा असेल तर आणखी एकदा घ्या.

सोमवारी तो माणूस ट्रक घेऊन आला. त्याने गाडीभोवती फेरी मारली, बॉनेट उघडून पाहिलं, किल्ली हातात घेतली. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं की पिकअप कसा आहे. मी काकांकडे पाहिलं.

"चांगला आहे," काका म्हणाले. "सांभाळून दाबा."