दसऱ्याची चकचकीत गाडी

आधी चहा घशाखाली उतरवा, मगच ऐका. हसताना ठसका लागला तर दोष माझा नको! आजवर माझा पोपट पुष्कळांनी केला, पण हा मी स्वतःच केला, तोही माइकवरून.

बाबांची एक लाल गाडी आहे माझ्याकडे. विलायती, बिनछताची, दोनच सीटांची. कापसाच्या जिनिंगवाल्या एका शेठकडून त्यांनी हौसेनं घेतलेली. ते गेल्यावर मी ती जिवापाड जपली. तिच्याच जोरावर अमरावतीभर जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणून मिरवलो. खरं ज्ञान किती? ते विचारू नका.

तर अकोल्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. जिचे पार्ट मूळचे, तिला 'अस्सल'चा मान. तो बाबांच्या नावानं घरी आणायचाच, हे मी ठरवलेलं. आणि पारखी म्हणून बोलावलं कोणाला? मलाच! परीक्षकही मी, स्पर्धकही मी. आपल्याकडे चालतं हो!

तिथं जुन्या शहरातल्या राजाभाऊंनी हुबेहूब तशीच लाल गाडी आणलेली. सांगाडा भंगारातला, बाकीचं इकडून तिकडून जमवलेलं. म्हटलं, ही तर खिचडी! हिला आत्ता बाद करतो.

पण कसचं काय! दिवे अस्सल. मीटर अस्सल. आरसे, दाराच्या कड्या, सगळं मूळचं! भोवती ही गर्दी, खोटं बोलायची सोय नाही. शेवटी माइकवर म्हणालो, "सांगाडा सोडला, तर असा खरा माल अख्ख्या विदर्भात नाही!"

मग राजाभाऊंना हळूच विचारलं, "हे सगळं मिळालं कुठं?"

"तुमच्याच अमरावतीले! नांदगाव पेठच्या रोडवर एक मिस्त्री हाय. त्याच्याकडं एक येडपट गिऱ्हाईक येते. दरसाल दसऱ्याच्या आधी गाडी आनते अन् म्हनते, जे जे तडकलं, घासलं ते काढून टाक, खंडित वस्तूची पूजा करू नाई. मिस्त्री त्याले चकचकीत काहीबाही लावून देते, अन् जुनं मले!"

"क... कोण आहे तो?"

"मिस्त्री नाव नाई सांगत. म्हने, असं गिऱ्हाईक जपा लागते!"

माझा हात राजाभाऊंच्या गाडीच्या स्टीअरिंगवर होता. बोटांना बारीक बारीक खड्डे लागले. बाबांना गाडी चालवताना अंगठीनं ठेका धरायची सवय होती. त्याच खड्ड्यांपायी मी हे स्टीअरिंग काढून टाकलं होतं! बाबांची गाडी मी दर दसऱ्याला थोडी थोडी करून अकोल्याला पाठवत होतो!

"चाला, आता तुमची पाहू," राजाभाऊ म्हणाले.

पाहायला गर्दी लोटली. "अबे, हा दिवा तं माह्या ट्रॅक्टरचा हाय!" कोणीतरी ओरडलं. आरसे ऑटोचे निघाले. स्टीअरिंग कशाचं, ते कोणालाच सांगता येईना.

"साहेब, निकाल तुमीच सांगा," आयोजकांनी माइक पुढे केला.

आणि बाबांची गाडी मी माझ्याच तोंडानं बाद केली. रडूच कोसळलं हो.

परतताना मूर्तिजापूरपर्यंत मी डोळे पुसत गाडी चालवली; शेजारी बायको बसलेली. मग म्हणाली, "काहून रडून राहिले? एक जुना पार्ट अजून हाय ना गाडीत!"

मी आशेनं विचारलं, "कोणता?"

"चालवनारा! पन तोही खंडितच हाय. दसऱ्याच्या आधी मिस्त्रीले दाखवू."