जसं बेणं, तशी गाठ

दौंडचे पाहुणे थोरल्या भावाला बघायला शिरूरला आले, तेव्हा त्यांना चहापाणी विचारायचं सोडून मी जनुकं समजावून द्यायला बसलो.

भावाच्या यकृतात कर्करोगाची गाठ होती. तिचा तुकडा पुण्याला तपासला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पेशी वाढवणारी जनुकं गाठीत जोरात चालू आहेत, आवरणारी बंद पडलीत; ही गाठ भराभरा वाढणार, औषधाला दाद देणार नाही. भावाला एवढंच हवं होतं, की डोळे मिटायच्या आत लेकीच्या डोक्यावर अक्षता पडाव्यात. लग्न महिन्यावर आलेलं. पाहुणे म्हणजे तिचे होणारे सासरे.

अवघड गोष्ट सोपी करून सांगायचा आमच्या घरातला मक्ता माझ्याकडं. पाहुणे पडले ऊसवाले. म्हटलं, "आप्पा, जसं बेणं तसा ऊस. बेण्यातच रोग असला, की कितीबी खत घाला."

त्यांनी मान डोलावली. मी मनात म्हटलं, काय दृष्टांत दिला! आतून चहा आला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही.

दोन दिवसांत निरोप आला: पोराला एवढ्यात लग्न करायचं न्हाई.

मी दौंड गाठलं. डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. ते बिचारे सांगत राहिले, बिघाड गाठीतल्या पेशींत झालाय, बापाकडून लेकीकडं जाणारा नाही.

"असंल की," सासरे म्हणाले. "पर भावकीत कुनी इचारलं, तर दर बारीला डाक्टरला फोन लावू व्हय? आन् बेण्यात रोग हाय, ह्ये तुमीच म्हनलात. सख्ख्या चुलत्यापरीस जास्त कुनाला ठावं?"

मी ट्रॅक्टरच्या ब्रेकची उपमा काढली. ते उठून गोठ्याकडं गेले.

घरी भाऊ उशीला टेकून बसला होता. पोट फुगलेलं, डोळे पिवळेजर्द.

"काय म्हनले रं?"

"लगीन करायचंच हाय त्यांना. फकस्त दिवाळीनंतर म्हणतायत."

तो माझ्याकडं बघून हसला. "तवर हळद माझी मलाच लावून घेतो."

दारात उभी असलेली पुतणी आत गेली.

अंगणात बायकोनं मला गाठलं. म्हणाली, "खोटंच बोलायचं व्हतं, तर जवळची तारीख तरी सांगायची."