टॅक्सवाल्यांची पंगत

ज्योती, सरक इकडं. कागदावर का होईना, जवळ बस जरा. परवा फोनवर तू तुझं तुझं बोललीस आणि ठेवून दिलास. "आत्या, वय बघ तुझं. मिटवून टाक आता." पुण्यात राहून लई शहाणी झालीस व्हय गं? भावाची लेक हायेस म्हणून तुझ्यावर रागवत नाय. पण काय मिटवायला सांगतीस ते आधी ऐकून तरी घ्यावं माणसानं.

माझ्या दंडाला धरून मला पंगतीतून ओढलं. साऱ्या गावादेखत.

"ए म्हातारे, ऊठ. ही ओळ तुमची नाय."

नानासाहेब बोलला. गावचा मालक. माझ्याहून वयानं लहान, लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन फिरवलाय. माझ्या पुढ्यात पत्रावळ होती. पत्रावळीवर भात, भातावर नुकतंच वाढलेलं वरण. वाफ निघत होती. आणि तो भात आमचा होता. माझ्या संजूच्या पगाराचा. एवढं ध्यानात धर, बाकीचं सांगते.

तुझा बाप लवकर गाव सोडून गेला, तुला ह्यातलं काही ठाऊक नसणार. माझं माहेर आणि सासर एकाच गावातलं, करमाडच्या जरा अलीकडं. लग्नानंतर आम्ही शहरात आलो. तुझे मामा, म्हणजे माझे घरवाले, शहागंजात हमाली करायचे, मी धान्याच्या दुकानात गहू निवडायची. पोत्यांवरची अक्षरं आणि दुकानाच्या पाट्या बघून बघून मी वाचायला शिकले. शाळा म्हणून अशी काही नाय. त्याच्यावर संजूला आयटीआय केलं. तो शेंद्र्याच्या कंपनीत लागला, सुपरवायझर झाला. सून खाजगी शाळेत शिकवते. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्याचा हप्ता. दोघांचा पगार आला की चार दिवस घरात हसू असतं, मग पुन्हा जपून.

आणि टॅक्स. तो पगार हातात पडायच्या आधीच कापून जातो. संजू कधी कुरकुरला नाय. म्हणायचा, आई, टॅक्स भरतो म्हणजे आपण आता कुणीतरी हाय.

कोण हाय, ते नानासाहेबानं सांगितलं.

गावात मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो. सात दिवस कीर्तन आणि रोज कुणाच्या तरी नावानं पंगत. शेवटच्या दिवशीची पंगत सगळ्यात मोठी. जे घर ती देतं त्याचं नाव कर्ण्यावर पुकारतात, त्याला नारळ देतात आणि ते घर पहिल्या ओळीत जेवायला बसतं. ही पंगत पिढ्यानपिढ्या नानासाहेबाच्या घराची. मला ओढलं त्या साली मात्र त्यानं मीटिंग बोलावली. कुठं, तर त्याच्या लॉन्सवर. कंपन्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा त्याला लई पैसा आला, त्यातून रस्त्याकडेला त्यानं हे लग्नाचं लॉन्स बांधलं. गावचे जे शहरात नोकऱ्या करतात त्यांना खास निरोप. संजूसंगं मी पण गेले.

नानासाहेब खुर्चीत रेलून म्हणाला, "औंदाची मोठी पंगत गावच्या श्रीमंतांनी द्यावी, असं म्हणतो मी."

कुणीतरी विचारलं, "श्रीमंत कोण, नाना?"

"जो टॅक्स भरतो तो. आता हे काय मी ठरवलं? सरकारनंच ठरवलंय. मी आपला साधा कास्तकार. मला एक रुपया टॅक्स नाय. म्हणजे गरीबच की मी."

सगळे खदाखदा हसले. संजू हसला नाय. म्हणाला, "नाना, हे लॉन्स?"

"हे मोसंबीच्या बागेत हाय, संज्या. इथं जो पैसा पिकतो तो मोसंबीच्या नावावर लागतो. शेतीला टॅक्स नसतोय. शिकलास ना तू? मग?"

पुन्हा हसू. पंगतीचा आकडा लई मोठा निघाला. शहरात नोकरी करणारी तीनच घरं होती, सगळी आमच्या आळीची. दोघांनी तिथंच हात वर केले, जमणार नाय म्हणाले. राहिलो आम्ही.

घरी पैसे होते, पण ते श्रुतीचे. माझ्या नातीचे. तिला फार्मसीला जायचं होतं. फीची सवलत मिळावी म्हणून संजू सगळीकडं फिरून आला. तुमचं उत्पन्न मर्यादेच्या वर जातं, सवलत नाय. म्हणून दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन फी साठवली होती. आणि नानासाहेबाचा नातू? त्याला सवलत. त्याच्या बापाच्या दाखल्यावर उत्पन्न एवढंसं. एकाच सरकारच्या दारात आम्ही श्रीमंत आणि तो गरीब.

सून म्हणाली, "फीला हात लावायचा नाही." बरोबर बोलत होती.

संजू माझ्याकडं बघत होता. माझ्या हाताकडं. कोपराखाली माझ्या हातावर एक डाग हाय, तू लहानपणी त्याला पान म्हणायचीस. म्हणायचीस, आत्याच्या हातावर पान काढलंय.

पान नाय ते. पळी हाय.

मी सात-आठ वर्षांची असेन. तेच देऊळ, तीच पंगत. आमची आळी सगळ्यात शेवटी जेवायची, सगळ्यांच्या उष्ट्या पत्रावळ्या उचलून झाल्या की. भूक लागली होती, पोरीची जात, कळलं नाय. पहिल्या ओळीत एक जागा मोकळी दिसली, बसले. नानासाहेबाचा बाप वाढत होता. त्याच्या हातात वरणाची पळी, उकळत्या कढईतून काढलेली. ती त्यानं माझ्या हातावर दाबून धरली. मारली नाय, ज्योती. दाबून धरली. कातडी पळीला चिकटून निघाली. आणि माझी आई, तुझी आजी, धावत आली. मला वाटलं आता उचलून घेईल. तिनं त्याच्यापुढं हात जोडले. "चुकलं मालक, पोर हाय, सोडा." मग मला घेऊन गेली आणि म्हणाली, रडायचं नाय, पत्रावळ्या उचल. मी एका हातानं उचलल्या.

संजूला हे सगळं ठाऊक. तो म्हणाला, "आई, एकदा तुला पहिल्या ओळीत बसवतो. फीचं मी बघतो कुठून तरी." त्यानं पैसे दिले.

शेवटचा दिवस उजाडला. मी सुनेनं इस्त्री केलेलं लुगडं नेसले. सून आणि श्रुती शहरातच राहिल्या, आल्या नायत. काल्याचं कीर्तन झालं, कर्ण्यावर नाव पुकारलं. ऐक काय पुकारलं. "आजच्या अन्नदानाचे मानकरी, नानासाहेब आणि समस्त नोकरदार मंडळी." संजूचं नाव नाय. नारळ नानासाहेबाला.

संजूचं तोंड उतरलं. मी म्हणलं, चल, बसू. पहिल्या ओळीत बसलो, मी आणि तो. अन्न वाढलं. मी घास उचलणार तोच दंडाला हात पडला.

"ऊठ. ही ओळ तुमची नाय."

मी म्हणलं, "मालक, पंगत आम्ही दिलीय."

"पैसे दिले. पैसे सरकारलाही देता. म्हणून काय कलेक्टरच्या खुर्चीत बसता? मागं जा. पत्रावळ्या उचलायला माणसं कमी हायत."

तिथंच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. श्रीमंत म्हणून आमच्याकडून घ्यायचं आणि बसवायचं मात्र जुन्याच जागेवर. टॅक्स, मोसंबी, लॉन्स, सगळं झूट. आम्ही श्रीमंत फक्त द्यायच्या वेळेला.

मी उठले नाय. मांडवाचा खांब शेजारी होता, त्याला मिठी मारली. त्यानं ओढलं. हातातली बांगडी फुटली, काच मनगटात घुसली. संजू उठला, "आईला सोडा," म्हणाला. एवढंच म्हणाला पोरगं. नानासाहेबाच्या दोन माणसांनी त्याला धरलं आणि नानासाहेबानं वरणाची बादली त्याच्या तोंडावर हाणली. बादली, ज्योती. लोखंडी. भुवई फाटली. रक्त भातावर पडलं, माझ्या भातावर. लोक जेवत होते. कुणाचा घास थांबला नाय. एकजण तर म्हणाला, "पंगतीत भांडण नको."

मग त्यानं माझी पत्रावळ लाथेनं उडवली. भात मातीत गेला.

मी खांब सोडला. खाली वाकले. मातीतला भात गोळा केला आणि खाल्ला. मातीसकट, रक्तासकट. पोराच्या रक्ताची चव असते, तुला सांगून कळायची नाय. सगळा भात खाल्ला. आता लोकांचे घास थांबले होते. कर्णासुद्धा बंद केला होता कुणीतरी. मी ती फाटकी, उष्टी पत्रावळ उचलली, नानासाहेबाच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीला लावून धरली आणि म्हणाले,

"घे. माझी उष्टी हाय. उचल."

पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. साठ वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं मुठीनं मारलं. पुढचे दोन दात तिथंच पडले. पडताना मला दिसलं, पत्रावळ त्याच्या सदऱ्याला चिकटून होती. ते बघून मी हसले. रक्ताच्या तोंडानं हसले. त्याला माझं ते हसणं लागलं, मारापेक्षा जास्त. त्यानं आणखी दोन लाथा घातल्या. बरगडी गेली. मला हसू येतच होतं.

ठाण्यात तक्रार नोंदवली. मीच सांगितली, संजूनं लिहिली नाय, त्याच्या डोळ्यावर पट्टी होती. खाली सही माझी. शहागंजच्या पोत्यांवर शिकलेली अक्षरं, वाकडी पण माझी.

ह्याला तीन सालं झाली. आता मिटवायचं म्हणतीस ते कशामुळं, मला ठाऊक हाय. तुझ्याकडंही त्याची माणसं येऊन गेली असतील. आमच्याकडं आली होती. पेढे घेऊन. म्हणाली, "आजी, तक्रार मागं घ्या. नानासाहेब श्रुतीची सगळी फी भरतात. पुढचीपण."

श्रुती आत उभी होती. तिचं फार्मसीचं साल गेलं होतं. पुढच्या साली संजूनं कर्ज काढून तिला कॉलेजात घातली, पण ते एक साल तिनं मेडिकलच्या दुकानात गोळ्या काढून देण्यात घालवलं. माझ्यापायी. मी त्या माणसांना पेढ्यांसकट दाराबाहेर काढलं. श्रुती माझ्याशी महिनाभर बोलली नाय. खोटं कशाला सांगू, अजूनही पहिल्यासारखी बोलत नाय. तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा बोलले नसते. पण पळीच्या डागावर दुसऱ्याच्या पैशाची मलमपट्टी मी करून घेणार नाय. तसली मिटवामिटवी माझी आई करून गेली, हात जोडून. तेवढं पुरे झालं एका घराला.

आणि गंमत ऐक. औंदा सरकारनं टॅक्सची मर्यादा वाढवली. संजूला आता टॅक्स लागत नाय, शून्य. म्हणलं बरं झालं, आता आम्ही पण गरीब, नानासाहेबाच्या जोडीला. तर सप्ताहाच्या आधी गावचा माणूस दारात हजर, वर्गणीची पट्टी मागायला.

मी म्हणलं, "बाबा, आता टॅक्स नाय आम्हाला."

तो म्हणाला, "टॅक्स नसला तरी पगार हाय ना, आजी. पगारवाले श्रीमंतच की."

"मग नानासाहेब?"

"ते मालक हायत."

बघ, कसं सरळ बोलून गेला. टॅक्सचा तिथं कधी संबंधच नव्हता. श्रीमंत कोण, गरीब कोण, हे नानासाहेब ठरवणार आणि आम्ही पैसे मोजणार, एवढंच होतं. मी त्या माणसाला चहा पाजला, त्याचा काय दोष. आणि सांगितलं, "नानासाहेबाला सांग, ह्या घरातून त्याच्या मांडवात एक दाणा यायचा नाय. सरकारचं जे असेल ते सरकारला देऊ. त्याचं देणं मी कोर्टात देईन."

पुढच्या महिन्यात माझी साक्ष हाय. वकील म्हणतो, आजी, तुम्हाला उलटसुलट विचारतील, घाबरवतील. विचारू दे. पुढचे दोन दात नायत, शब्द थोडे फुसफुसतात. पण त्याचं नाव मी रोज आरशापुढं उभी राहून घेते. मालक न म्हणता, साहेब न म्हणता. आता नीट येतं. खणखणीत.

तर ज्योती, मिटवून टाक म्हणून पुन्हा फोन करू नकोस. स्वतः ये. साक्षीच्या आदल्या दिवशीच ये, तुझ्या पोरीला पण घेऊन ये. रात्री मुगाचं वरण करते, भात करते, पोटभर जेव. आणि सकाळी माझ्यासंगं चल. कोर्टात बाकं असतात. आपण सगळ्यात पुढच्या बाकावर बसू. कुणी ऊठ म्हणलं तर माझा हात घट्ट धर. लवकर ये.